प्राणवायू संपल्याची खबर कोण देतो?



स्मृतिव्याख्यान देणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी असते. ज्यांच्या स्मरणार्थ बोलायचे त्यांना शोभेल असे बोलले पाहिजे आणि हातची कामे ठेवून आलेल्या श्रोत्यांच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे. आज मी एकच प्रश्न घेऊन आलो आहे. जिवाणूभोवतीचा प्राणवायू संपत आला, की ते त्याला कळते कसे? आणि कळल्यावर तो नेमके काय करतो?

प्रश्न प्रयोगशाळेतला वाटेल, पण तो आपल्या पोटाशी, आपल्या शेताशी आणि आपल्या फुफ्फुसांशी बांधलेला आहे. प्राणवायू मिळाला नाही तर माणसाचा मेंदू काही मिनिटांत निकामी होऊ लागतो. आणि याच क्षणी इथे बसलेल्या प्रत्येकाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू सुखाने नांदत आहेत. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात आहेत आणि तिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच. आपल्याला जे मरण, तो त्यांचा रोजचा संसार.

प्राणवायूशिवाय जगता येते, हे जगाला दाखवून दिले लुई पाश्चर यांनी, १८६१ साली. आंबलेल्या द्रवाचा एक चपटा थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थेंबाच्या मधल्या भागातले जिवाणू वळवळत होते, पण कडेचे, जिथे हवा लागत होती तिथले, निपचित पडले होते. हवेने जगण्याऐवजी हवेने थंडावणारे जीव! पाश्चरांना त्या एका थेंबात नवे जग दिसले.

पण काही जिवाणू याहूनही कुशल आहेत. त्यांना दोन्हीकडे जगता येते, हवेतही आणि हवेविनाही. आजचे व्याख्यान या दोन्हीकडच्या रहिवाशांबद्दल आहे. कारण ज्याला दोन प्रकारे जगता येते, त्याला केव्हा कोणत्या प्रकारे जगायचे हे ठरवावे लागते. ते तो कसे ठरवतो?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. विज्ञानाचे विद्यार्थी क्षणभर धीर धरतील अशी आशा आहे.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. १९९७ साली त्याचा संपूर्ण डीएनए वाचून झाला. सुमारे ४६ लाख अक्षरे, त्यांत सुमारे ४,३०० जनुके. प्रत्येक जनुक म्हणजे एखादे प्रथिन घडवण्याची सूचना. पण सगळ्या सूचना सतत अमलात आणायच्या म्हटले तर पेशी दिवाळखोरीतच निघेल. म्हणून जे लागेल तेच वाचायचे. हे वाचन करणाऱ्या यंत्रणेला आरएनए पॉलिमरेज म्हणतात. ती डीएनएवर ठरावीक जागी बसते, दोन धागे उकलते आणि जनुकाची आरएनए प्रत काढत पुढे सरकते. याला आपण प्रतिलेखन म्हणतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे यंत्र प्रत्येक जनुकापाशी सारख्या सहजतेने बसत नाही. काही जनुकांच्या आधीची अक्षरे त्याला घट्ट पकड देतात. काहींची पकड कमकुवत असते, तिथे यंत्र टेकते न टेकते तोच सुटते. अशा ठिकाणी कुणीतरी हात द्यावा लागतो. कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या श्रोत्यांना पाटकरी ठाऊक आहे. पाणी कालव्यात असतेच, पण कोणत्या चारीचे दार आज उघडायचे हे पाटकरी बघतो, आणि टंचाईच्या वर्षी पाळीचा क्रम बदलतो. पेशीतही वाचणारे यंत्र असतेच. कोणत्या जनुकाचे दार उघडायचे, हे काही मोजकी प्रथिने बघतात.

फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये जनुकांच्या नियमनाचा पाया घातला तेव्हा त्यांच्या मांडणीत मुख्यतः दार बंद ठेवणारी प्रथिने होती. दार उघडणारी प्रथिनेही असतात, हे मान्य व्हायला आणखी काळ गेला. आज मी बोलणार आहे ते या उघडणाऱ्यांविषयी. तीन ठिकाणी जाऊ: आतड्यात, सोयाबीनच्या मुळात आणि क्षयाच्या गाठीत.

पहिले ठिकाण, आतडे.

१९७६ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे लॅम्डेन आणि गेस्ट हे दोन संशोधक ई. कोलायचे काही बिघडलेले वाण तपासत होते. हवेत हे वाण धडधाकट वाढत. हवा काढून घेतली, की मात्र प्राणवायूऐवजी फ्युमरेट किंवा नायट्रेट यांच्या आधारे श्वसन करणे त्यांना जमत नसे. एकच जनुक बिघडलेले आणि एवढी कामे एकदम ठप्प! याचा अर्थ काय? बिघाड कामगारात नव्हता, कामाचा हुकूम देणाऱ्यात होता. त्या हुकूम देणाऱ्या प्रथिनाला पुढे एफएनआर हे नाव मिळाले. आज आपल्याला माहीत आहे, की शंभराहून अधिक जनुकांवर त्याचा अंमल चालतो.

हे प्रथिन जवळून पाहू या. त्याच्या एका टोकाशी लोखंडाचे चार आणि गंधकाचे चार अणू मिळून एक छोटासा घनाकार पुंजका असतो. प्रथिनातली चार सिस्टीन अमिनो आम्ले, क्रमांक २०, २३, २९ आणि १२२, त्याला चारही बाजूंनी धरून ठेवतात. हा पुंजका शाबूत असेल तर एफएनआरचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात. ही जोडी डीएनएवर आपली खूण शोधते. खूण अशी: पाच अक्षरे, मध्ये चार अक्षरांचे अंतर, आणि मग त्याच पाच अक्षरांची उलटी प्रतिमा. दोन अर्ध्या खुणा, म्हणून दोन रेणू. एकट्यादुकट्याचे तिथे काम नाही. जनुकाच्या आरंभाच्या सुमारे ४१ अक्षरे आधी ही जोडी बसते आणि शेजारी येणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला थेट स्पर्श करते. त्या आधाराने सुटणारे यंत्र टिकते, धागे उकलतात, वाचन सुरू होते.

आणि प्राणवायू आला तर? प्राणवायूचा रेणू त्या लोह-गंधक पुंजक्यावर आघात करतो. चार-चारचा पुंजका मोडून दोन-दोनचा होतो. प्रथिनाचा आकार बदलतो, जोडी फुटते, डीएनएवरची पकड जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठात पॅट्रिशिया कायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही साखळी कडीकडीने उलगडली.

यात एक बारकावा आहे. हवा असो वा नसो, पेशीतले एफएनआरचे प्रमाण साधारण सारखेच राहते. म्हणजे प्राणवायू संपल्यावर त्याची खबर देणारा घडवायला घेतला जात नाही. तो आधीपासून हजर असतो, फक्त प्राणवायू त्याला सतत मोडून ठेवतो. प्राणवायू गेला, की मोडणारा गेला. मग पुंजका टिकतो आणि तोच हुकूम होतो. एक अभाव आहे, पण पेशीच्या आत तो एका जोडीच्या रूपाने हजर झाला. 'नाही' या गोष्टीला देह मिळाला. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, आणि पुढच्या दोन्ही ठिकाणी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पण दार उघडले म्हणून सगळीच दारे उघडायची का? नाही. श्वसनात अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाला तरी द्यावे लागतात. सर्वांत जास्त ऊर्जा मिळते प्राणवायूला दिल्यावर. त्याखालोखाल नायट्रेट. फ्युमरेटकडून बरीच कमी. काहीच नसेल तर नुसत्या किण्वनावर भागवायचे. ई. कोलाय हा पायऱ्यांचा क्रम काटेकोर पाळतो. नायट्रेट वापरणाऱ्या प्रथिनांची जनुके पूर्ण जोमाने चालू व्हायला एकटा एफएनआर पुरत नाही. नार्एल नावाचे दुसरे प्रथिन सुमारे दोनशे अक्षरे मागे बसते, मधला डीएनए वाकवला जातो आणि दोघे मिळून यंत्राला साथ देतात. एफएनआर सांगतो, प्राणवायू नाही. नार्एल सांगतो, नायट्रेट आहे. दोन्ही साक्षी जुळल्या तरच हुकूम पक्का. आणि त्याच वेळी फ्युमरेटची जनुके दाबून ठेवली जातात. वरची पायरी मोकळी असताना खालच्या पायरीवर का उतरायचे?

जाता जाता या ज्ञानाची काळी बाजूही सांगतो. रक्ती आव घडवणारा शिगेला हा ई. कोलायचा जवळचा नातेवाईक. त्याच्याकडेही एफएनआर आहे. २०१० साली पॅरिसमधल्या संशोधकांनी दाखवले, की आतड्याच्या पोकळीत, प्राणवायूविना, शिगेला आपल्या आक्रमणाच्या सुया लांब करून तयार ठेवतो, पण एफएनआर त्यांतून विषारी प्रथिने सुटू देत नाही. आतड्याच्या भिंतीलगत मात्र रक्तवाहिन्यांतून झिरपणारा थोडा प्राणवायू असतो. शिगेला तिथे पोचला, की बंधन सुटते आणि मारा सुरू होतो. आपल्याच रक्तातल्या प्राणवायूवरून आपल्या शत्रूला भिंत जवळ आल्याचे कळते!

दुसरे ठिकाण, सोयाबीनचे मूळ.

इथे मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले श्रोते असतील. फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे झाड मुळासकट हलक्या हाताने उपटा. माती झटका. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत रक्तासारखा लालसर, गुलाबी रंग दिसला तर गाठ कामावर आहे. आत पांढरट किंवा हिरवट असेल तर तिथे नत्र बांधले जात नाही. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा वनस्पतीतला भाऊ, आणि १९३९ साली जपानी संशोधक कुबो यांनी तो सोयाबीनच्याच गाठींत ओळखला.

वनस्पतीला हिमोग्लोबिन कशाला हवे? उत्तर पेचात आहे. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवतात. ते ज्या नायट्रोजनेज प्रथिनाने बनवतात, ते प्राणवायू लागला की कायमचे बिघडते. पण हे काम ऊर्जेचे मोठे खर्चिक, आणि ऊर्जा हवी तर या जिवाणूंना श्वास घ्यावाच लागतो. प्राणवायू नको आणि प्राणवायू हवाच! झाडाने तोड काढली ती अशी: गाठीच्या बाहेरच्या थरातून प्राणवायू जेमतेम आत शिरतो, आणि आत तो मोकळा न फिरता लेगहिमोग्लोबिनला बांधलेला फिरतो. मोकळ्या प्राणवायूची पातळी हवा खेळत्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी कमी.

पण जिवाणूला कसे कळणार, की आपण आता मातीत नाही, गाठीत आहोत? नायट्रोजनेजची जनुके मातीत असतानाच चालू केली तर सगळी मेहनत मातीमोल. इथे येते फिक्सएल हे प्रथिन. त्याच्या पोटात हीम आहे, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असते तसेच, मधोमध लोखंडाचा एक अणू असलेले. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे दाखवले. प्राणवायू या लोखंडाला चिकटलेला असेल तर फिक्सएल गप्प. प्राणवायू सुटला, की फिक्सएल स्वतःवर फॉस्फेट चढवते आणि ते फिक्सजे या जोडीदाराच्या हवाली करते. फॉस्फेट मिळालेले फिक्सजे डीएनएवर बसते आणि पुढच्या नियामकांची जनुके चालू करते. त्यांतूनच गाठीतल्या तुटपुंज्या प्राणवायूवर चालणारी श्वसनाची प्रथिनेही घडतात. लसूणघासाच्या गाठींतले जिवाणू आणि सोयाबीनच्या गाठींतले जिवाणू यांच्यात पुढच्या साखळीचे तपशील वेगळे आहेत, पण सुरुवात त्याच लोखंडापासून होते.

शेवटची कडी आणखी चकित करणारी आहे. नायट्रोजनेजच्या जनुकांपाशी वाचणारे यंत्र येऊन बसते, पण धागे उकलणे त्याच्या हातात नसते. दूर बसलेले निफए नावाचे प्रथिन डीएनएला वळसा घालायला लावून यंत्रापर्यंत पोचते आणि एटीपी या पेशीच्या इंधनाची ऊर्जा खर्चून धागे उकलवते. एफएनआरने यंत्राला टेकू दिला होता, इथे निफए त्याला जोर लावून चालू करते. पेशीला जे काम इतके महाग पडते, त्याच्या दारावर पहाराही तितकाच कडक.

पेरणीआधी गुळाच्या पाण्यात रायझोबियम संवर्धक कालवून बियाण्याला चोळणारा शेतकरी हीच सगळी साखळी मातीत सोडत असतो. त्याला फिक्सएल ठाऊक नसेल, पण गाठ फोडून लाल रंग बघणे ठाऊक आहे. ती त्याची तपासणी आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे.

तिसरे ठिकाण, क्षयाची गाठ. इथे मी थोडा अधिक थांबणार आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला. आज जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. पण क्षयाचा जिवाणू ज्यांच्या शरीरात शिरतो त्या सगळ्यांना आजार होत नाही. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारपेशी त्याच्याभोवती कडे करतात. त्या गाठीच्या आत प्राणवायू पोचत नाही. ससे, गिनीपिग आणि माकडे यांच्या फुफ्फुसांतल्या अशा गाठींत हे प्रत्यक्ष तपासून पाहिले गेले आहे. क्षयाचा जिवाणू तर वाढीसाठी हवेवर अवलंबून. मग तो मरत का नाही?

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे लॉरेन्स वेन यांनी या प्रश्नावर उमेदीची वर्षे घालवली. त्यांची पद्धत इतकी साधी, की कुठल्याही महाविद्यालयात समजावून सांगता यावी. नळीत जिवाणू, वर मोजकी हवा, तोंड घट्ट बंद, आत हळू फिरणारी छोटी चुंबकी कांडी. जिवाणू वाढतात तसतसा प्राणवायू स्वतःच संपवतात. नळीत मिथिलीन ब्लू घातलेले असेल तर प्राणवायू संपल्यावर निळा रंग उडतो. रंग उडालेल्या त्या नळीत जिवाणूंची वाढ थांबलेली असते. पण ते मेलेले नसतात. हळूहळू श्वास कोंडला तर ते जुळवून घेतात, एकदम कोंडला तर मरतात. १९९६ साली वेन आणि हेज यांनी या टप्प्यांचे नीट वर्णन केले.

म्हणजे जुळवून घेण्याचा हुकूम कुणीतरी देत होते. कोण? याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो मी अभिमानाने सांगतो. दिल्लीच्या एम्समध्ये जया सिवस्वामी त्यागी आणि त्यांचे सहकारी क्षयाच्या घातक वाणाची त्याच्या निरुपद्रवी भावंडाशी तुलना करत होते. घातक वाणात अधिक बोलकी असलेली जनुके त्यांनी १९९३ साली वेगळी काढली. त्यांतून डेव्हआर हे नियामक प्रथिन हाती लागले. पुढे परदेशातल्या प्रयोगशाळा प्राणवायूच्या टंचाईच्या वाटेने त्याच प्रथिनापर्यंत पोचल्या आणि त्यांनी त्याला डॉसआर म्हटले. दोन वाटा, एकच मुक्काम.

याची रचना आता आपल्याला अनोळखी वाटणार नाही. डॉसएस आणि डॉसटी ही दोन संवेदक प्रथिने, दोघांच्याही पोटात हीम, म्हणजे पुन्हा लोखंड. डॉसटीच्या लोखंडावर प्राणवायू असेल तर ते गप्प. प्राणवायू सुटला, की ते जागे होते. टंचाईच्या सुरुवातीला डॉसटी पुढाकार घेते, नंतर डॉसएस भार उचलते. दोघेही फॉस्फेट डॉसआरकडे देतात आणि ते त्याच्या ५४ व्या अमिनो आम्लावर जाऊन बसते. मग डॉसआर डीएनएवरच्या आपल्या खुणा पकडतो आणि सुमारे ४८ जनुके चालू होतात. त्यांतले एक जनुक प्रथिनांना सांभाळणारे प्रथिन घडवते. दुसरे चरबी साठवण्याच्या कामाला लागते. जिवाणू विभाजन थांबवतो आणि काटकसरीने दिवस काढतो. ज्या वाणांत डॉसआर नाही, ते प्राणवायूविना दीर्घकाळ ठेवले तर तग धरण्यात कमी पडतात.

आता प्रश्न असा, की याचा आपल्याशी संबंध काय? संबंध औषधाशी आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरचे मुख्य औषध जिवाणूची नवी भिंत बांधण्याचे काम रोखते. पण ज्याने बांधकामच थांबवले आहे, त्याचे हे औषध काय बिघडवणार? क्षयाचा उपचार पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे असा सहा महिने चालतो, त्याच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे. बेडाक्विलिन हे औषध, ज्याला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, वेगळ्या जागी घाव घालते. ते जिवाणूची एटीपी बनवण्याची यंत्रणाच बंद पाडते. स्तब्ध जिवाणूलाही जिवंत राहण्यापुरती एटीपी लागतेच, म्हणून त्यालाही ते गाठते. जिवाणू थांबतो कसा, हे समजून घेण्याचे मोल इथे दिसते.

तीन ठिकाणे पाहिली. आता गोळाबेरीज.

पहिली गोष्ट. तिन्ही ठिकाणी प्राणवायू ओळखण्याचे काम लोखंडाने केले. एफएनआरमध्ये ते गंधकासोबत होते, फिक्सएल आणि डॉसटीमध्ये हीमच्या मधोमध. आपल्या रक्तात प्राणवायू वाहणारेही लोखंडच.

दुसरी गोष्ट. तिन्ही ठिकाणी प्राणवायू म्हणजे मनाई आणि त्याचे नसणे म्हणजे परवानगी. संकट आल्यावर पेशी धावपळ करत नाही. संकटाची खबर देणारा तिने आधीच नेमून ठेवलेला असतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी लोह-गंधक पुंजके निर्धास्त होते. प्राणवायू आला आणि ते मोडू लागले. जुन्या पेशींच्या दृष्टीने ही विषबाधाच. पण जे प्राणवायूने मोडते, त्याच्या मोडण्यावरूनच प्राणवायू ओळखता येतो! एफएनआरमध्ये तेच झाले आहे. पेशीतली सर्वांत नाजूक वस्तू तिचे ज्ञानेंद्रिय झाली. पुंजका पोलादासारखा मजबूत असता तर त्याला काहीच कळले नसते.

या सगळ्यातून मी दोन मागण्या करतो. एक समाजाकडे. शेफील्डमधल्या त्या दोघांना फ्युमरेट न वापरणारे जिवाणू तपासताना कुणी विचारू शकले असते, याचा उपयोग काय? त्यातून निघालेल्या धाग्याने आज आव कशी होते ते कळते. वेन यांची बंद नळी, दिल्लीतली दोन वाणांची तुलना, हीही अशीच कामे. लगेच फळ न देणाऱ्या प्रश्नांना वेळ आणि पैसा द्यायला आपण शिकले पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयांतही ते शिकले पाहिजे.

दुसरी मागणी तुमच्यातल्या प्रत्येकाकडे. तुमच्या घरात, शेजारात, चाळीत कुणी क्षयाचे उपचार घेत असेल. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि गोळ्या सोडून द्याव्याशा वाटतात. त्यांना सांगा, वाढणारे जिवाणू मेले म्हणून बरे वाटते आहे. थांबलेले जिवाणू अजून आत असू शकतात, आणि थांबणे म्हणजे मरणे नव्हे. आशाताई दारात येऊन गोळ्या घेतल्या का विचारते, तेव्हा तिच्या त्या प्रश्नामागे लॉरेन्स वेन यांच्या नळीपासून दिल्लीच्या प्रयोगशाळेपर्यंतचे सगळे शास्त्र उभे असते. सहा महिने म्हणजे सहा महिने. एकही दिवस कमी नाही.